तुळईखालचे टेकू

आत्या जिना चढून वर आल्या, त्या सरळ जेवणाच्या टेबलाशी गेल्या. पर्स खुर्चीला अडकवत त्यांनी विचारलं, "तो कुठाय?"

"जिन्यात," थोरली भावजय म्हणाली. "आत्ता त्यांच्या शेजारूनच वर आलात तुम्ही, वन्सं."

"अगोबाई! मला वाटलं, कुणी कामगार बसलाय."

"होय, मलाही तसंच वाटलं," मागून त्यांचे यजमान म्हणाले. लग्न झाल्यापासून ते बायकोच्या प्रत्येक वाक्याला होय म्हणत आले होते. घरातली पोरंटोरं त्यांना होयबा म्हणत आणि ते त्यालाही होय म्हणत.

थोरलीनं ताटं मांडायला सुरुवात केली. नवऱ्याचं ताट तिनं वेगळं काढून ठेवलं. ते जिन्यात न्यायचं होतं. लढाईवरून परत आल्यापासून तो वरच्या पायरीवर बसून, ताट मांडीवर घेऊन जेवत होता. या खोलीत त्यानं अजून पाऊल टाकलं नव्हतं. झोपायला जातानासुद्धा मागच्या गॅलरीतून वळसा घालून जायचा. सुरुवातीला घरात सगळे त्यावर हसले, मग चिडले. आता नुसतेच ताट भरून देत होते.

तो परत आला त्या दिवसाची गोष्ट तर नातेवाइकांत फिरून फिरून गुळगुळीत झाली होती. खांद्यावर पिशवी, दाढी वाढलेली, कारखान्याच्या दारात उभा. समोर ओल्या हातांची बायको, तिच्यामागे ओळखू न येण्याइतकी वाढलेली मुलगी. आणि त्यानं दोघींच्या डोक्यावरून आत पाहिलं आणि विचारलं, "खांब कुठाय?"

खांब नव्हता. खाली सुतारकामाचा कारखाना आणि वर राहतं घर, अशी ती इमारत. कारखान्याच्या मधोमध एक लाकडी खांब होता, वडिलांनी आणि त्यानं मिळून उभा केलेला. थोरला लढाईवर असताना धाकट्या भावानं लाकूड कापायची मोठी मशीन आणली. खांब आड येत होता म्हणून काढला आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लांब तुळई टाकली. त्या तुळईवर ही जेवणाची खोली उभी होती.

दुसऱ्या दिवसापासून थोरल्यानं टेकू लावायला सुरुवात केली. संध्याकाळी कारखाना बंद झाला की तो तुळईखाली उभे वासे लावायचा आणि खालून पाचरी ठोकून घट्ट करायचा. सकाळी धाकटा ते काढायचा, कारण टेकू असले की मशीनवर लांब फळी फिरत नसे. दोघे भाऊ एकमेकांशी त्याबद्दल एक अक्षर बोलत नसत. एक लावी, दुसरा काढी. गेल्या गुरुवारी धाकट्याची बायको, धाकटी, भुसा आणायला खाली गेली आणि एक टेकू सरकून तिच्या खांद्यावर आला. हाडाला चीर गेली. हात बांधायला आलेल्या डॉक्टरांनी जिन्यात बसलेल्या माणसाकडेही जरा वेळ पाहिलं. जाताना ते सांगून गेले, की लढाईवरून आलेल्या लोकांसाठी गावाबाहेर एक आरोग्यधाम आहे, तिथे एक खाट रिकामी झाली आहे, सोमवारपर्यंत काय ते कळवा.

आज रविवार होता. सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं ते त्यासाठी.

"मी काही कुजबुजणार नाही," आत्या बसत म्हणाल्या. "त्याला ऐकू गेलं तर जाऊ दे. माझा भाऊ आहे, शत्रू नाही. तिकडे बाग आहे, नर्सेस आहेत, त्याच्यासारखेच चार लोक आहेत. वाईट काय आहे त्यात?"

"होय, बाग तर फारच मोठी आहे म्हणतात."

"बागेत काय करणार बाबा?" मुलगी म्हणाली. "झाडांना टेकू लावणार?"

तिला घरात टाचणी म्हणत, अंगानं तशी आणि बोलण्यानंही. धाकट्याला हसू आलं. त्यानं पाण्याचा ग्लास तोंडाला लावून ते लपवलं. पुतणीला रंधा धरायला त्यानंच शिकवलं होतं. बाप दूर असतानाच्या वर्षांत ती शाळेतून आली की दप्तर टाकून सरळ कारखान्यात यायची. आता ती दारं पॉलिश करायची आणि गिऱ्हाइकांशी भांडायचीही.

"हसू नका," धाकटी नवऱ्याला म्हणाली.

तिचा डावा हात गळ्यात बांधलेला होता. खांदा ठणकत होता आणि आपण काय बोलतो याकडे सगळ्यांचे कान लागले आहेत, हे तिला कळत होतं. मार तिला बसला होता, तेव्हा निकालही तिनंच द्यावा असा घराचा रंग होता. तिला त्याचाच राग आला. खांद्याचं तिला इतकं काही वाटत नव्हतं. तिच्या मनात दुसरंच होतं, आणि ते हाडापेक्षा जास्त दिवसांचं होतं.

"माझ्या खांद्याचं बाजूला ठेवा," ती म्हणाली. "खांदा भरून येईल. पण दादांनी एकदा तरी यांना म्हटलं का, की मी नव्हतो तेव्हा तू सगळं सांभाळलंस? कामगार लढाईवर गेले होते, लाकूड मिळत नव्हतं. हे एकटे मशीनवर उभे असायचे. ताप अंगावर काढला. आणि दादा येतात ते काय म्हणत? खांब कुठाय! रोज संध्याकाळी टेकू. म्हणजे रोज संध्याकाळी यांच्या थोबाडीत."

"अगं..." धाकटा म्हणाला.

"अगं काय? तुम्हीच म्हणालात मला."

"मी थोबाडीत म्हणालो नव्हतो."

"तोंडावर म्हणालात. काय फरक पडला?"

"आता हिनंच सांगितलं, म्हणजे ठरलं," आत्या म्हणाल्या आणि थोरलीकडे वळल्या. "तुला जड जाणार, मला कळतं. पण तू हट्टाला पेटू नकोस."

थोरली दाराजवळ उभी होती, नवऱ्याचं भरलेलं ताट हातात घेऊन. तिनं ते टेबलावर ठेवलं. पुन्हा उचललं. पुन्हा ठेवलं.

"पाठवा," ती म्हणाली.

वाऱ्यानं खिडकीचं दार आपटलं. ते लावायला कुणी उठलं नाही.

"काय म्हणालीस?"

"पाठवा म्हटलं. ते तिकडे होते तेव्हा मला निदान वाट बघता येत होती, वन्सं. सकाळी उठायचं, वाट बघायची, झोपायचं. आता ते माझ्यापासून एका दाराच्या अंतरावर बसलेत. मी कुणाची वाट बघू?"

आत्यांनी खुर्चीवरची पर्स मांडीवर घेतली. त्या वाद घालायच्या तयारीनं आल्या होत्या, आणि समोर वाद घालायला कुणी उरलंच नव्हतं.

टाचणीचं मात्र उलट झालं. आदल्या रात्रीपर्यंत तिचं ठरलेलं होतं, की बाबांना पाठवावं. ती काकांच्या बाजूनं बोलणार होती, आई विरोध करणार होती, थोडी रडारड होणार होती. आईच 'पाठवा' म्हणाली तसं तिला एकदम वाटलं, की आता त्या माणसाच्या बाजूला कुणीच नाही. तिनं ताट उचललं आणि ती जिन्यात गेली. बाप भिंतीला टेकून बसला होता. ती एक पायरी खाली बसली.

"ऐकलंत ना सगळं?"

"हो."

"मग बोलत का नाही?"

"सगळे बोलतायत की."

"बाबा, खरं सांगा. पडेल का ती तुळई?"

"माहीत नाही."

"रोज हातोडीनं ठोकून बघता ना? आवाज कसा येतो?"

"चांगला येतो."

"मग टेकू कशाला?"

त्यानं ताट बाजूला ठेवलं. एवढं सरळ त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सगळे त्याला बरं वाटतंय का, हे विचारत.

"आमची तुकडी पूल बांधायची," तो म्हणाला. "पूल बांधून झाला की पहिली गाडी त्याच्यावरून जायची आणि तेव्हा बांधणाऱ्यांनी खाली उभं राहायचं. साहेबाचा नियमच होता. तो स्वतःही उभा राहायचा, चहा पीत."

"कधी पडला?"

"आमचा? एकही नाही."

"खाली भीती वाटायची?"

"खाली कसली भीती? प्रत्येक बोल्ट माझ्या हाताखालून गेलेला. मला तर झोप यायची तिथे." तो किंचित हसला. "भीती वाटायची दुसऱ्या तुकड्यांनी बांधलेल्या पुलांची. आधी गाडीत डोळे मिटून बसायचो. मग तेही जमेना. पूल आला की उतरायचो आणि नदीतून चालत पलीकडे जायचो. कमरेएवढ्या पाण्यातून. गाडीतले लोक वरून हसायचे. एकदा थंडीत तसाच गेलो, साहेबानं शिव्या घातल्या. पण मी पुढेही तसाच जात राहिलो."

टाचणी त्याच्याकडे बघत राहिली.

"म्हणजे तुळईवर नाही," ती म्हणाली, "तुमचा काकांवर विश्वास नाही."

तिला हळू बोलता येत नसे. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि धाकटा दारात आला.

"दादा, काय नियम होता म्हणालास?"

"काही नाही. ती उगाच..."

"बांधणारा खाली. असंच ना? मग मी खाली जातो. तुझे टेकू आहेत ना आज?"

"तीन. सगळे जमणार म्हणून."

"तिन्ही काढतो आणि मधोमध उभा राहतो. तू आत ये आणि खोलीच्या मधे उभा राहा. काय व्हायचं ते होऊ दे एकदाचं."

"नको."

"का? मी मेलो तर?"

"हो," थोरला म्हणाला.

तो इतक्या साधेपणानं 'हो' म्हणाला, की धाकटा त्याला ओलांडून पायरीवर आला. मग तो एका दमात जिना उतरून गेला.

आतमध्ये एकच गडबड उडाली. "अरे, हे काय पोरखेळ!" आत्या उठल्या. "थांबा, मला आधी खाली उतरू द्या. चला हो."

"नको," होयबा म्हणाले.

आत्यांनी वळून पाहिलं.

"नको," ते पुन्हा म्हणाले. त्यांचं त्यांनाच नवल वाटत असावं. "आपणही वजनच आहोत. बसू या."

खालून लाकडी हातोड्याचा ठोका ऐकू आला. मग दुसरा. पाचर निघाली आणि एक वासा धाडकन जमिनीवर पडला. फळ्यांतून तो हादरा सगळ्यांच्या तळपायांना कळला.

धाकट्यानं पहिला टेकू रागातच पाडला. दुसरा पाडताना राग ओसरला होता. तिसऱ्याशी येऊन तो थांबला. त्यानं मान वर केली. रोज तो या तुळईखाली काम करी, पण मान वर करून तिच्याकडे पाहिल्याला किती दिवस झाले कोण जाणे. ती एका लाकडाची नव्हती. तेव्हा चांगलं लाकूड सगळं लढाईच्या कामाला जात होतं, म्हणून त्यानं दोन वासे बोल्टनं आवळून एक केले होते. आणि मागच्या भिंतीत, जिथे धुराडं होतं, तिथे तिचं टोक हवं तेवढं खोल जात नव्हतं. तिथे त्यानं दगड भरून बैठक केली होती. एकट्यानं, घाईत. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. आता वाटलं.

वर बायको होती. पुतणी होती. वहिनी, ताई.

हातोडा मारायचा की नाही, हे त्याला क्षणभर कळेना. मग त्यानं मारला. तिसरा टेकू पडला. तुळई कुरकुरली, थोडी, खुर्चीत माणसानं नीट बसावं तशी. तो मशीनजवळ, बरोबर मधे जाऊन उभा राहिला.

"ये!" त्यानं ओरडून सांगितलं.

थोरला दारात उभा होता. ती कुरकुर त्यानं ऐकली होती. भावाची हाक फळ्यांखालून, अगदी खोलवरून आल्यासारखी वाटली. खोली तीच होती. टेबल, घड्याळ, भिंतीवरचा वडिलांचा फोटो. टेबलापलीकडे बायको उभी होती. ती त्याला ये म्हणत नव्हती, नको म्हणत नव्हती. नुसती बघत होती.

त्यानं पाऊल आत टाकलं. मग दुसरं. पाण्यातून चालावं तसा पाय घासत, चाचपत तो चालला. फळ्यांच्या जोडांवर नजर होती. आपण इथे पाय ठेवतो तेव्हा खाली भावाच्या डोक्यावर ठेवतो आहोत, असं त्याला सारखं वाटत होतं. टेबलाला वळसा घालून तो मधे आला.

"उभा आहेस?" खालून.

"आहे."

"उडी मार."

"काय?"

"गाडी जाताना पूल हलायचा ना? मग हलव!"

"वेडा आहेस का?"

"घराण्यातच आहे!"

टाचणीला हसू फुटलं. थोरल्यानं एकदा बायकोकडे पाहिलं, गुडघे वाकवले आणि उडी मारली. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाची, जेमतेम वीतभर उंच. ग्लास किणकिणले. खालून आवाज आला, "अजून!" त्यानं पुन्हा मारली. मग टाचणी येऊन त्याच्याशेजारी उड्या मारू लागली. मग धाकटी उठली, गळ्यातला हात दुसऱ्या हातानं सावरत आली आणि तिनं एक पाय दाणकन आपटला, सगळ्या घराचा सूड एकाच पायात घेतल्यासारखा. होयबांनी बसल्या बसल्या दोन्ही टाचा आपटल्या. आत्यांनी डोळे मिटून घेतले होते.

तुळई हलली नाही.

उड्या थांबल्या. सगळे धापा टाकत, हसत थोरल्याकडे बघू लागले. तो मधोमध उभा होता. आता ते येईल, असं त्याला वाटत होतं. पुलाखाली उभं असताना यायचं ते, झोप येण्याइतकं निवांत. तो थांबला. ते आलं नाही. पाय तसेच ताठ होते. दार कुठल्या बाजूला आहे हे न बघता त्याला माहीत होतं.

"पक्की आहे," तो म्हणाला.

"देवा!" आत्या म्हणाल्या. "बस आता. जेव चार घास सगळ्यांबरोबर."

तो बसला नाही.

"ताई, मला अजून जिन्यात जाऊन बसावंसं वाटतंय."

थोरलीनं टेबलाची कड धरली.

"तुळई पक्की आहे," तो स्वतःला समजावत असल्यासारखा म्हणाला. "मी उड्या मारल्या तिच्यावर. तरी पळावंसं वाटतंय. म्हणजे भीती तिची नव्हतीच." मग आत्यांकडे वळून, "डॉक्टरांना कळव, येतो म्हणून."

"आता कशाला?" धाकटी एकदम म्हणाली. मघाशी सगळ्यात जास्त तक्रार तिचीच होती, हे ती विसरून गेली होती. "आता झालं ना सगळं? मी म्हणते, थोडे दिवस जाऊ द्यात. जाऊबाई, तुम्ही सांगा ना!"

थोरली हळूहळू टेबलाला वळसा घालून आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"मनापासून म्हणताय?"

"हो. इतके दिवस दोष खाली आहे म्हणून मी इथून हलत नव्हतो. खाली काही नाही. मग मला बघून घेऊ दे कुठे आहे ते."

"मी येत जाईन," ती म्हणाली. "दर रविवारी. तिथे जिन्यात नाही बसायचं."

"तिथे एकच मजला आहे म्हणे."

ती हसली. त्याच्या शर्टाच्या कॉलरवर भुसा होता, तो तिनं झटकला. तो परत आल्यापासून तिनं त्याला हात लावण्याची ही पहिलीच वेळ असावी. मग ती म्हणाली, "भावजी अजून खालीच आहेत."

कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

धाकटा मशीनपाशी तसाच उभा होता, मान वर. पायांचे आवाज थांबले होते, नंतर नुसती कुजबुज. काय झालं ते कळत नव्हतं, आणि वरून हाक आल्याशिवाय हलायचं नाही, असा काही नियम असेल तर तो मोडायला नको म्हणून तो थांबला होता.

थोरला जिना उतरून आला. पडलेले वासे ओलांडत भावाशेजारी येऊन उभा राहिला, त्याच तुळईखाली.

"काय रे, मला विसरलात सगळे?"

"हो," थोरला म्हणाला. त्यानं वर पाहिलं. नजर बोल्टांवरून सरकत मागच्या भिंतीपर्यंत गेली. "तिकडे दगड भरून बैठक केलीस."

धाकट्याच्या कानांपर्यंत रक्त चढलं. "तुला कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? चांगली केलीस. धुराडं असताना दुसरं काय करणार? मीही असंच केलं असतं."

धाकट्यानं हातातला हातोडा मशीनवर ठेवला. मग त्यानं पायानं भुशात एक रेघ ओढली आणि ती पुसली.

"एवढंच बोलायचं होतंस ना, दादा," तो म्हणाला. "एवढं एकच वाक्य. ते न बोलता रोज वासे वाहत बसलास."

"वासे सोपे असतात."

वरून धाकटीची हाक आली, की जेवण गार होतंय आणि कुणी जिवंत असेल तर वर या.

"मी उद्या जातोय तिकडे," थोरला म्हणाला. "डॉक्टरांकडे. मीच म्हणालो."

"टेकूमुळे?"

"नाही. तुझं पक्कं निघालं म्हणून."

धाकट्याला ते पुरतं कळलं नाही, पण हे पुन्हा विचारायचं नाही एवढं कळलं. "मी सोडायला येईन," तो म्हणाला.

"ये. आता वर चल. जेवून घेऊ."

"आत? टेबलावर?"

"बघतो. तू पुढे हो."

लहानपणापासून जिन्यावर पुढे थोरला असायचा आणि धाकटा मागे. धाकटा पुढे झाला. चार-पाच पायऱ्या चढल्यावर मागची पावलं थांबली. त्यानं वळून पाहिलं नाही. कठड्यावर हात ठेवून तो होता तिथेच उभा राहिला. मागे पुन्हा पाऊल वाजलं, तेव्हाच तो पुढची पायरी चढला.